मुलीचा रिपोर्ट आणि आजोबांचा खोकला

पत्र थोडक्यात असे आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईने ते लिहिले आहे. त्यांची मुलगी साडेपाच वर्षांची आणि मुलगा चौदा महिन्यांचा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मुलीला दर पंधरा-वीस दिवसांनी सर्दी-खोकला होतो, जेवणाचा ती कंटाळा करते आणि सहा महिन्यांत तिचे वजन १५.४ किलोवरून १६ किलोपर्यंतच वाढले आहे. मानेत वाटाण्याएवढ्या दोन-तीन गाठी हाताला लागल्या, म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या चाचण्या सांगितल्या. ‘टीबी गोल्ड’ पॉझिटिव्ह आली असून आकडा १.९२ आहे, ईएसआर (शरीरात कुठेतरी दाह असल्याचे सुचवणारी रक्ताची तपासणी) ३८ आहे आणि छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘दोन्ही बाजूंच्या हायलर छाया (म्हणजे फुप्फुसांच्या मुळाशी दिसणाऱ्या छाया) ठळक’ असे लिहिले आहे. डॉक्टरांनी ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ (लहान मुलातला पहिल्या लागणीचा क्षय) असे निदान सांगून सहा महिन्यांची औषधे लिहून दिली आहेत, पण ती अजून सुरू केलेली नाहीत. धाकट्याचीही तीच चाचणी केली, त्यावर ‘इनडिटरमिनेट’ असे आले, आणि ‘म्हणजे टीबी निघालेला नाही’ असे लॅबमधल्या मुलाने सांगितल्यामुळे त्याच्याबद्दल घरचे निश्चिंत आहेत. आईचे प्रश्न तीन आहेत: औषधे सुरू करावीत की पुण्याच्या एखाद्या मोठ्या लॅबमध्ये चाचणी पुन्हा करून घ्यावी; जाऊबाईंच्या मुलाच्या वेळी पंधरा वर्षांपूर्वी केलेली ‘आयजीजी-आयजीएम’ही करून घ्यावी का; आणि सासूबाई म्हणतात तसे हे बाहेर कुणाला कळू न देता निभावता येईल का. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गणपतीपासून आमच्याकडेच आहेत, त्यांना विडीचा जुना खोकला आहे, मुलगी त्यांच्याशेजारीच झोपते.’

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते शेवटून सुरू केले. तुम्ही तीन पाने मुलीच्या रक्ताच्या रिपोर्टवर लिहिली आहेत आणि सासऱ्यांच्या खोकल्यावर एकच ओळ. मला मात्र सगळ्या पत्रात ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी तुमच्या हातातला कागद नेमके काय सांगतो ते पाहू, कारण बाकीचा सगळा गोंधळ तिथूनच निघाला आहे. एवढे मात्र आधीच सांगतो की मी मुलीला तपासलेले नाही आणि तिचा एक्स-रे पाहिलेला नाही. तिला क्षयरोग आहे किंवा नाही हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांचे निदान चुकले असेही माझे म्हणणे नाही. ते ज्या आधारावर उभे आहे तो आधार पुरेसा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

‘टीबी गोल्ड’ ही चाचणी क्षयाचे जंतू शोधत नाही. त्या नावामुळे आणि तिला मोजाव्या लागणाऱ्या दोन-अडीच हजार रुपयांमुळे ही क्षयासाठीची सर्वांत पक्की तपासणी असावी असा समज होतो, आणि तो तुमचा एकट्याचा नाही. प्रत्यक्षात घडते ते असे. तुमच्या मुलीचे रक्त चार छोट्या नळ्यांत एकेक मिलिलीटर घेतले असणार. करड्या, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या झाकणांच्या त्या नळ्या तुम्ही कदाचित पाहिल्याही असतील. हिरव्या आणि पिवळ्या झाकणांच्या नळ्यांत क्षयजंतूच्या दोन प्रथिनांचे, ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांचे, तुकडे असतात. नळ्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, सोळा ते चोवीस तास ठेवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची त्या प्रथिनांशी पूर्वी कधी गाठ पडली असेल, तर त्या पेशी ती ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. तो किती सुटला हे मोजायचे, आणि करड्या नळीतले मूळचे प्रमाण वजा करून तो ०.३५ किंवा त्याहून जास्त भरला की साधारणपणे पॉझिटिव्ह म्हणायचे. म्हणजे ही तपासणी जंतूची नसून शरीराच्या आठवणीची आहे. मुलीच्या पेशी सांगत आहेत की या जंतूला आम्ही ओळखतो. तो जंतू आत आज निपचित पडून आहे की फुप्फुसात किंवा गाठीत रोग माजवतो आहे, हे त्या पेशींना सांगता येत नाही, आणि आकडा १.९२ ऐवजी ८ आला असता तरी सांगता आले नसते. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असे या रिपोर्टात नसते.

क्षयाची लागण आणि क्षयरोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये लागण आढळली. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीही रोग होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आपल्यासारख्या देशांना सांगितले की चालू क्षयरोगाचे निदान करण्यासाठी ही चाचणी वापरू नये. तुमच्या मनात असे गणित झाले आहे की रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे टीबी, निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही. ते दोन्ही बाजूंनी चुकते, कारण ज्या कुपोषित किंवा फार आजारी मुलाची प्रतिकारशक्ती थकलेली असते त्याला खरोखरचा क्षयरोग असूनही ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

मग रिपोर्ट फाडून टाकायचा का? मुळीच नाही. इथे मोठ्या माणसाचा आणि लहान मुलाचा फरक लक्षात घ्यावा लागतो, आणि माझ्या मते तो पुरेसा कुणी समजावून सांगत नाही. पन्नास वर्षांच्या माणसाची टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली, तर लागण कधीची, हे कोण सांगणार? तो विशीत गिरणीत होता तेव्हाची असेल किंवा गेल्या वर्षीची असेल. तुमच्या मुलीचे मात्र सगळे आयुष्यच साडेपाच वर्षांचे आहे. या चाचणीतली दोन्ही प्रथिने बीसीजीच्या लसीत नसतात, त्यामुळे जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलेल्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह आली असेही म्हणता येत नाही. (कातडीवर टोचून करायची जुनी मॉन्टू चाचणी बीसीजीमुळे थोडी फसू शकते, तिच्यापेक्षा ही चाचणी सरस ठरते ती एवढ्याच बाबतीत.) याचा सरळ अर्थ असा की गेल्या काही वर्षांत, बहुधा गेल्या काही महिन्यांत, खोकणाऱ्या कुणा मोठ्या माणसाच्या श्वासातून हा जंतू तिच्यापर्यंत आला आहे. लहान मुलातली लागण ही नेहमीच अलीकडची बातमी असते. तुमचा रिपोर्ट तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, पण तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नाकडे बोट दाखवतो: तो मोठा माणूस कोण?

आता आजोबांची ओळ घेऊ. विडी ओढणाऱ्या माणसाचा खोकला घरातल्यांच्या कानांना इतका सवयीचा झालेला असतो की तो बदलला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांना आज संध्याकाळी शेजारी बसून विचारा: खोकला हल्ली वाढला आहे का, बेडका जास्त पडतो का, कधी त्यात लालसर दिसले का, संध्याकाळी कणकण वाटते का, रात्री घामाने बनियन ओले होते का. पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा घट्ट बांधावी लागते का, हेही विचारा. वजन कमी झाल्याचे माणसे कबूल करत नाहीत, पण नाडीचे सांगतात. त्यांना मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. आणि उत्तरे काहीही आली तरी दोन आठवड्यांहून जुना खोकला असलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी व्हायलाच हवी, त्यात विडीची सबब चालत नाही. ती आपल्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. तिथे नुसती सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी न मागता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का, असे विचारा. ही यंत्रे थुंकीत क्षयजंतूचे जनुक शोधतात आणि रिफॅम्पिसीन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालणार की नाही, हेही सांगतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात तयार होते. तासा-दोन तासांचे काम असते, रिपोर्ट हातात पडायला एक-दोन दिवस लागतात.

आजोबांवर आरोप करायचा नाही, हे मुद्दाम लिहितो. नातीला कुशीत घेऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुमच्यामुळे झाले’ असे कुणी तोंडावर म्हटले, तर ते उद्याच्या एसटीने गावी निघून जातील आणि तपासणी राहील ती राहीलच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छाती तपासून घ्यायची आहे, असे सांगितले तरी चालेल. ऑपरेशनच्या टेबलावर उताणे झोपून खोकणारा रुग्ण डोळ्याच्या डॉक्टरांनाही नकोच असतो, त्यामुळे त्यात खोटे काही नाही. रिपोर्ट येईपर्यंत मुलीला आणि बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवा, आजोबांच्या खोलीची खिडकी उघडी राहू द्या आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. त्यांची ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि वेगळ्या ताटाने घरात जी कटुता येते ती मात्र वर्षानुवर्षे जात नाही. त्यांच्या थुंकीत काही निघाले नाही, तर शोध पुढे न्यावा लागेल: शिकवणीच्या बाई, घरकामाला येणाऱ्या मावशी, शाळेच्या रिक्षाचे काका, शेजारचे बिऱ्हाड. या सगळ्यांच्या तपासण्या तुम्ही करू शकणार नाही, पण गेल्या दोन वर्षांत यांपैकी कुणाला टीबीचे औषध चालू होते का, एवढी चौकशी तुमच्या आशाताई गाजावाजा न करता करू शकतात.

आता मुलीकडे वळू. तिच्या तक्रारी तुम्ही बारकाईने लिहिल्या आहेत हे फार बरे केलेत. खोकला पाच-सहा दिवस राहतो, पूर्ण जातो, मग वर्गात कुणाला सर्दी झाली की पुन्हा येतो, मधल्या दिवसांत ती हुंदडते, ताप दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. शाळेच्या पहिल्या वर्षात मुले अशी आजारी पडतातच. क्षयाचा खोकला सहसा मधली सुट्टी घेत नाही. दोन आठवडे उलटले, नेहमीचे औषध झाले, तरी तो थांबत नाही, तेव्हा शंका घ्यायची. तापाचेही तसेच. वजनाच्या बाबतीत डॉक्टर पाहतात ते असे की तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घटले आहे का, किंवा खाणे नीट असूनही तीन महिन्यांत वाढलेलेच नाही का. या वयात वर्षाला दोनेक किलो वाढ अपेक्षित असते, त्या हिशेबाने सहा महिन्यांत सहाशे ग्रॅम कमीच आहेत, पण वजन थांबलेले नाही. ईएसआर ३८ तर साध्या घशाच्या संसर्गातही येतो. वाटाण्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या गाठी टॉन्सिलमुळे किंवा डोक्यातल्या उवांमुळेही होतात आणि महिनोन्‌महिने हाताला लागत राहतात. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर गेली, एकीला एक चिकटून गठ्ठा झाला किंवा वाढतच राहिली, तर मात्र सुईने त्यातले पाणी काढून तपासावे लागते. आणि ‘हायलर छाया ठळक’ हे वाक्य लहान मुलांच्या एक्स-रे रिपोर्टांवर इतक्या वेळा लिहिलेले असते की निव्वळ त्यावरून सहा महिन्यांची औषधे सुरू करण्यास मी तयार होणार नाही. ती फिल्म बालरोगतज्ज्ञांना स्वतः उजेडावर धरून पाहू द्या, आणि समोरून काढलेल्या फोटोबरोबर बाजूने काढलेलाही फोटो आहे का ते बघा, कारण फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या सुजलेल्या गाठी बाजूच्या फोटोत अधिक स्पष्ट दिसतात.

‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. मूल बारीक आहे, जेवत नाही, सारखे सर्दीने बेजार आहे, मॉन्टू किंवा टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आहे, की ‘प्रायमरी आहे’ असे म्हणायचे आणि औषध सुरू करायचे, ही पद्धत माझ्या उमेदीच्या काळात सर्रास होती आणि मीही ती पाळलेली आहे. त्यातल्या कित्येक मुलांना बालदमा होता, काहींना नाकामागचे ॲडेनॉइड वाढलेले होते, काहींना नुसते रक्त कमी होते, आणि काहींना खरोखरच क्षय होता. औषधाने ‘गुण आला’ असे आई-वडील सांगत, पण सहा महिन्यांत मूल तसेही मोठे होते आणि सर्द्या तशाही कमी होतात.

तुम्ही म्हणाल की मग धोका कशाला पत्करायचा, सहा महिने औषध देऊन मोकळे व्हावे. हा विचार मला पूर्ण कळतो. पण खरोखर क्षयरोग असेल, तर जंतू पकडण्याची सर्वांत चांगली संधी औषध सुरू होण्याआधीच असते. आठवडाभर गोळ्या गेल्या की तो हाती लागणे अवघड होते आणि मग तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे कधीच कळत नाही. आजोबांचा जंतू रिफॅम्पिसीनला न जुमानणारा निघाला, तर तुमच्या मुलीच्या नेहमीच्या गोळ्या फुकट जातील आणि तोवर महिने गेलेले असतील. आणि क्षयरोग नसेल, तर तीन-चार औषधांचा यकृतावरचा भार तिने विनाकारण सोसायचा आणि खऱ्या तक्रारीचा शोध तिथेच थांबायचा.

जंतू पकडायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण तो दिवस तुम्हाला जड जाणार आहे. लहान मुलांच्या आजारात जंतू मुळातच थोडे असतात, आणि त्यांना बेडका थुंकता येत नाही; ती तो गिळून टाकतात. म्हणून पहाटे, मूल अंथरुणातून उठण्याआधी आणि पाण्याचा घोटही घेण्याआधी, नाकातून एक बारीक नळी पोटात घालून रात्रभर गिळलेला तो ऐवज काढून घेतात. त्यासाठी बहुधा आदल्या रात्री दाखल व्हावे लागते. नळी घालताना मूल रडते आणि ओकारी काढते. काम दोन-तीन मिनिटांचे असते, पण आईला ते अर्ध्या तासाचे वाटते. तुम्ही तिचे हात धरून डोक्याशी उभ्या राहा आणि संपल्यावर लगेच देता येईल असे तिच्या आवडीचे काही बरोबर ठेवा. काही ठिकाणी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका सैल करतात, आणि आता शौचाच्या नमुन्यावरही ही जनुकीय तपासणी करता येते, त्यामुळे नळीचा त्रास वाचू शकतो. तुमच्या जवळच्या केंद्रात ती होते का, ते विचारा. हा नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर पॉझिटिव्ह आला तर निदान पक्के. निगेटिव्ह आला तर मात्र ‘क्षय नाही’ असे म्हणता येत नाही, कारण थोडे जंतू निसटतात. तेव्हा लक्षणे, एक्स-रे, घरातला रुग्ण आणि टीबी गोल्ड हे सगळे एकत्र मांडून अनुभवी डॉक्टरांनाच निर्णय घ्यावा लागतो. टीबी गोल्डचे खरे स्थान या बैठकीत आहे, आणि तेही एका साक्षीदाराचे. निकाल तिने द्यायचा नसतो.

चाचणी पुन्हा करण्याबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे. आकडा ०.३५ च्या अगदी आसपास असता, तर दुसऱ्या खेपेला तो इकडचा तिकडे झाला असता, १.९२ हा त्या सीमेपासून बराच लांब आहे. पुण्यात पुन्हा पॉझिटिव्ह आली तर ज्ञानात काहीच भर पडणार नाही. उपचारानंतर ‘टीबी गेला का’ हे पाहण्यासाठीही ती करू नका, कारण जंतू गेल्यावरही पेशींची आठवण बहुधा राहते आणि चाचणी वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच येऊ शकते.

जाऊबाईंनी सुचवलेली आयजीजी-आयजीएम तर मनातूनच काढून टाका. ती रक्तातली प्रतिपिंडे मोजते आणि क्षयाच्या बाबतीत तिच्यावर मुळीच भरवसा ठेवता येत नाही. ज्यांना रोग नाही त्यांना आहे म्हणते आणि ज्यांना आहे त्यांना नाही म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती वापरू नका असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने अशा किटची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. जाऊबाईंच्या मुलाच्या वेळी ती चाचणी कायदेशीर होती, त्यामुळे त्यांचे काही चुकले नाही. पण आज एखाद्या लॅबने ती करून देण्याची तयारी दाखवली, तर त्या लॅबच्या बाकीच्या रिपोर्टांबद्दलही मी दोनदा विचार करीन.

आता तुमच्या धाकट्या मुलाबद्दल, ज्याच्याविषयी तुमच्या पत्रात जवळजवळ काहीच नाही. मला खरी काळजी त्याची आहे. ‘इनडिटरमिनेट’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. चौथ्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशींना मुद्दाम डिवचणारा पदार्थ असतो. कोणत्याही धडधाकट पेशींनी त्याला प्रतिसाद द्यायलाच हवा, म्हणजे चाचणी नीट झाली असे कळते. तान्ह्या मुलांच्या पेशी पुष्कळदा तिथेही गप्प बसतात. नळ्या नीट हलवल्या नाहीत किंवा वेळेवर उबेत गेल्या नाहीत तरी असे होते. त्यामुळे या रिपोर्टचा अर्थ एवढाच की चाचणीला बोलताच आले नाही. लॅबमधल्या मुलाने तुम्हाला धीर देण्यासाठी जे सांगितले ते चुकीचे होते.

आणि धोक्याचे गणित वयाप्रमाणे उलटे चालते. मोठ्या माणसात लागणीचे रोगात रूपांतर होण्याचा धोका आयुष्यभरात पाच ते दहा टक्के धरतात. बालकांत, विशेषतः दोन वर्षांच्या आत, तो कित्येक पटींनी जास्त असतो, आणि याच वयात जंतू रक्तावाटे पसरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचण्याची भीती सर्वांत मोठी असते. बीसीजी ही भीती कमी करते, नाहीशी करत नाही. त्यामुळे आजोबांच्या थुंकीत क्षय निघाला तर बाळाची टीबी गोल्ड पुन्हा करत बसायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला घरातल्या फुप्फुसाच्या क्षयरुग्णाचा सहवास असेल, तर त्याला रोग नाही ना, हे तपासून लगेच प्रतिबंधक उपचार सुरू करायचे असतात. त्यासाठी कोणत्याही चाचणीची अट राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात नाही. त्याच्या वयाला बहुधा आयसोनियाझिड हे औषध वजनानुसार रोज, सहा महिने देतात. बाळ एकाएकी मलूल झाले, सतत किरकिरू लागले, कारणाशिवाय उलट्या होऊ लागल्या, ताप उतरेना किंवा झटका आला, तर आजोबांच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या आणि ‘घरात जुना खोकला असलेले माणूस आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा.

मुलीच्या तपासण्यांत रोग दिसला नाही, तर तिच्यासाठीही हाच प्रतिबंधक मार्ग उरतो आणि तिथे तिच्या पॉझिटिव्ह रिपोर्टचा खरा उपयोग होतो. दोन वर्षांवरच्या मुलांना आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घ्यायचे औषधही आता मिळते. मात्र आधी रोग नाही याची खात्री, मग प्रतिबंध, हा क्रम पाळावाच लागतो, कारण आत रोग धुमसत असताना एक-दोनच औषधे दिली तर जंतू त्यांना सरावतो. आजोबांचा जंतू रिफॅम्पिसीनला दाद न देणारा असेल, तर मुलांचे प्रतिबंधक औषधही बदलावे लागेल; म्हणूनच त्यांची थुंकी या घरातल्या प्रत्येक निर्णयाच्या आधी येते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, त्यामुळे ज्यांना क्षय निघेल त्यांचे नाव शासनाच्या निक्षय नोंदणीत जाईल. ती यादी गावच्या फळ्यावर लागत नाही. नोंदीमुळे औषधे मोफत मिळतात, पोषणासाठी दरमहा बँक खात्यात पैसे येतात (नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे) आणि घरातल्या इतरांची तपासणी होते. आरोग्यसेविका घरी येतील. त्यांनी गेटवरून हाक मारू नये, आत येऊन बोलावे, असे त्यांना आधी फोनवर सांगता येते आणि बहुतेक जणी ते पाळतात. शाळेला कळवण्याची घाई नाही. या वयाच्या मुलांच्या आजारात जंतू थोडे असतात आणि त्यांच्या खोकल्याला जोर नसतो, त्यामुळे ती सहसा दुसऱ्याला लागण करत नाहीत; तुमची मुलगी उद्याही शाळेत जाऊ शकते. सासूबाईंना ‘मुलीची जात आहे, उद्या लग्न व्हायचे आहे’ याची भीती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या तरुणपणी क्षयाचे नाव निघाले की माणसाला वाड्याबाहेरच्या पडवीत झोपवत असत, त्यांनी ते पाहिले असेल, त्यामुळे वाद घालू नका. त्यांना फक्त एवढे विचारा की मामंजींना थुंकी तपासायला न्यायचे आहे, तुम्ही बरोबर येता का. स्वतःच्या नवऱ्याच्या खोकल्याची चिंता त्यांनाही रात्री जागवत असणार.

तुमच्या डॉक्टरांकडे परत जाताना औषधांची चिठ्ठी, एक्स-रेची फिल्म आणि मुलीच्या वजनाच्या जुन्या नोंदी घेऊन जा, आणि नम्रपणे असे म्हणा: ‘आजोबांना जुना खोकला आहे हे मागच्या वेळी सांगायचे राहिले.’ पुष्कळदा डॉक्टरांचा विचार याच एका वाक्याने बदलतो, आणि त्यात कुणाचा कमीपणाही होत नाही. घरात दर सोमवारी सकाळी एकाच काट्यावर दोन्ही मुलांचे वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. आजोबांना थुंकीची डबी आदल्या दिवशीच आणून द्या. सकाळी उठल्याउठल्या चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका हवा, तोंडातली लाळ चालत नाही, हे त्यांना समजावून सांगा आणि हे काम अंगणात, मोकळ्या हवेत करायला लावा. त्यांचा रिपोर्ट आला की मला कळवा.